मनाचे दुखणे आणि घराची अब्रू : परदेशातल्या अरब वस्त्यांची हकीकत

एखादा पोरगा मुलीच्या मागे फिरू लागला की आपल्या वस्तीत त्याला ‘मजनू’ म्हणतात. सिनेमाने हा शब्द आपल्याला दिला आणि आपण तो हसत हसत वापरतो. पण मूळ अरबी भाषेत ‘मजनून’ म्हणजे वेडा. आणि नेमके सांगायचे तर ज्याला जिन्नने धरले आहे तो. जिन्न आणि मजनून हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून झाले आहेत आणि त्या धातूचा अर्थ आहे झाकलेले, डोळ्यांना न दिसणारे. आईच्या पोटातल्या गर्भालाही त्याच धातूवरून ‘जनीन’ म्हणतात. म्हणजे वेडाची गाठ भाषेनेच न दिसणाऱ्या शक्तीशी बांधून ठेवली. आपल्याकडे ‘झपाटलेला’ म्हणतात, ‘बाहेरचे आहे’ म्हणतात. प्रकार काही वेगळा नाही.

अरब म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दुबई, मस्कत, कुवेत येते. आपल्यातली कितीतरी मुले तिकडे वेल्डर, फिटर, ड्रायव्हर म्हणून गेली. त्यामुळे अरब म्हणजे तेलाचा शेठ अशी आपली समजूत झाली आहे. पण पोटासाठी आणि जिवासाठी देश सोडावा लागलेले अरबही लाखोंनी आहेत. त्यांच्या परदेशातल्या वस्त्यांत मनाच्या आजाराकडे कसे पाहिले जाते, याविषयी गेली काही वर्षे मी मिळेल ते वाचत आलो आहे. का वाचत आलो ते पुढे ओघात येईल.

अमेरिकेत मिशिगन राज्यात डेट्रॉईटला लागून डिअरबॉर्न नावाचे शहर आहे. लोकसंख्या सुमारे एक लाख दहा हजार. फोर्ड मोटार कंपनीचे हे गाव. १९१४ साली फोर्डने कामगाराला दिवसाला पाच डॉलर मजुरी देण्याचे जाहीर केले आणि ही बातमी लेबनॉन-सीरियाच्या डोंगरातल्या खेड्यांपर्यंत पोहोचली. जसे आपले आजे-पणजे कोकणातून आणि देशावरून गिरण्यांत नि गोदीत आले, तसे हे लोक आगबोटीने आले आणि फोर्डच्या कारखान्यात राबले. पुढे येमेनी आले. पॅलेस्टाइनमधून उखडलेले आले. लेबनॉनमध्ये १९७५ ते १९९० असे पंधरा वर्षे यादवी युद्ध चालले, त्यात दक्षिणेकडची खेडीच्या खेडी इकडे सरकली. १९९१ च्या आखाती युद्धानंतर इराकच्या दक्षिण भागात सद्दामविरुद्ध उठाव झाला, तो चिरडला गेला आणि हजारो माणसे सौदी अरेबियाच्या वाळवंटातल्या रफहा छावणीत तंबूंमध्ये अडकून पडली. त्यातलीही पुष्कळ कुटुंबे शेवटी अमेरिकेत आली. २००३ नंतर आणखी इराकी, २०११ नंतर सीरियन. २०२० च्या जनगणनेत डिअरबॉर्नमधल्या निम्म्याहून अधिक लोकांनी आपले मूळ मध्यपूर्वेतले किंवा उत्तर आफ्रिकेतले असल्याचे सांगितले. युरोपातही हेच. २०१५ साली जर्मनीत सीरियन निर्वासितांचे लोंढे आले आणि बर्लिनमधल्या एका लांबलचक रस्त्याला आता लोक अरबांचाच रस्ता म्हणतात.

या माणसांनी काय काय पाहिले असेल याची कल्पना करा. बॉम्बहल्ले, तुरुंग, छळ, डोळ्यांदेखत गेलेला भाऊ. अशा माणसाला झोप लागत नाही, छातीत धडधडते, तो दचकून उठतो, बायकोमुलांवर खेकसतो. डॉक्टर याला आजार म्हणतात आणि त्यावर औषध आहे. पण हा माणूस डॉक्टरकडे जातच नाही. गेला तरी ‘माझे मन बिघडले आहे’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, छाती आवळली आहे, डोके दुखते, अंगात ताकद नाही. सीरियन निर्वासितांच्या मानसिक आरोग्यावर संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने २०१५ साली एक अहवाल काढला, त्यात असे बोलण्याचे प्रकार मुद्दाम नोंदवले आहेत. ‘माझे काळीज मुठीत धरल्यासारखे झाले आहे’ असे सीरियन बाई म्हणते तेव्हा ती उदासीबद्दल बोलत असते, हे परक्या डॉक्टरला कळले नाही तर तो हृदयाचा कार्डिओग्राम काढतो, सगळे ठीक आहे म्हणतो आणि घरी पाठवतो. आपल्या आयाबहिणी ‘जीव घाबरतो’, ‘पोटात कालवाकालव होते’ म्हणतात, त्यांचेही असेच होते.

आता समजुतींकडे वळू. जिन्न आहेत यावर श्रद्धाळू मुसलमानाचा विश्वास असतो, कारण कुराणातच त्यांचा उल्लेख आहे. माणूस मातीचा, तसे ते धूर नसलेल्या आगीतून घडवलेले. दुसरी गोष्ट म्हणजे नजर. निळ्या काचेचा डोळा किंवा पंजाची आकृती दारावर, गाडीत, बाळाच्या झबल्यावर लावलेली असते. आपल्याकडे काळा तीट आणि लिंबू-मिरची, त्यांच्याकडे निळा मणी. तिसरी ‘सिहर’, म्हणजे आपली करणी. घरात कोणी विचित्र वागू लागले की या तिन्हींपैकी एक काहीतरी झाले असणार असे घरातले वडीलधारे ठरवतात. मग रुकया करणाऱ्याकडे नेतात. तो आयती म्हणतो, पाण्यावर नाहीतर तेलावर फुंकर घालतो आणि ते पाणी प्यायला देतो. इजिप्त आणि सुदानमध्ये ‘झार’ नावाचा प्रकार आहे. ढोल वाजतात, बायका घुमतात, अंगात आलेल्याला काय हवे ते विचारतात. आमच्या गावच्या जत्रेचे वर्णन वाचतो आहे की काय असे ते वाचताना मला वाटले.

हा केवळ इस्लामचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. अरबांमध्ये ख्रिस्ती पुष्कळ आहेत, आणि अमेरिकेत आधी आलेल्यांत तर तेच जास्त होते. लेबनॉनच्या कादिशा दरीत कोझहाया नावाचा ख्रिस्ती मठ आहे. तिथल्या गुहेत वेडाची लक्षणे असलेल्या माणसांना साखळदंडाने बांधून ठेवत आणि संताने बरे केले की साखळी आपोआप सुटते असे मानत. त्या साखळ्या आजही पाहायला मिळतात. धर्म कोणताही असो, साखळी लोखंडाचीच.

आपल्याला नाक वर करण्याचे कारण नाही. तामिळनाडूतील एर्वाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण जागेवर जळून मेले. दर्ग्याच्या पुण्याईने बरे होतील म्हणून घरच्यांनी त्यांना तिथे आणून सोडले होते. त्यांत सर्व धर्मांच्या घरांतली माणसे येत असत.

समजुतींपेक्षाही माझ्या मते मोठी अडचण लाजेची आहे. अरबीत ‘ऐब’ हा शब्द आहे. मराठीत ‘ऐब’ म्हणजे खोड, दोष. तिकडे त्यात लाज, अब्रू, लोक काय म्हणतील, सगळे येते. लेबनॉनची राजधानी बैरूतजवळ १८९६ साली एका स्विस धर्मप्रसारकाने मनोरुग्णांसाठी इस्पितळ स्थापन केले. ज्या जागेवर ते उभे राहिले तिच्या नावावरून लोक त्याला ‘अस्फूरिये’ म्हणू लागले. इस्पितळ चांगले होते, त्या भागातल्या पहिल्या आधुनिक इस्पितळांपैकी होते. पण लोकांच्या तोंडी ‘अस्फूरिये’ ही शिवी झाली. ते १९८२ साली बंद पडले, शिवी मात्र अजून चालू आहे. कैरोतल्या अब्बासिया इस्पितळाचे तेच झाले. आपल्याकडे ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला जागा बघा’ असे म्हणताना तिथे खरीच माणसे आणि त्यांच्यासाठी राबणाऱ्या परिचारिका असतात, हे आपण तरी कुठे ध्यानात घेतो?

माणूस देश सोडतो पण ‘ऐब’ बरोबर नेतो. उलट परदेशात तो जड होतो. छोटी वस्ती, सगळे एकमेकांच्या गावचे, एकाच मशिदीत नाहीतर चर्चमध्ये जाणारे. कोणाची गाडी कोणत्या दवाखान्याबाहेर उभी होती हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळते. म्हातारीला इंग्रजी येत नाही म्हणून दुभाषा बोलवावा तर तोही ओळखीचाच निघतो, म्हणून ती त्याच्यापुढे तोंड उघडत नाही. मग बारा वर्षांच्या नातवाला दुभाषा करतात. नातवापुढे आजी काय सांगणार?

अलीन अल-क्रेनावी आणि जॉन ग्रॅहम या समाजकार्याच्या दोन अभ्यासकांनी २००० साली अरब रुग्णांबरोबर कसे काम करावे यावर एक लेख लिहिला. त्यात त्यांनी म्हटले आहे की बाईवर मनाच्या आजाराचा शिक्का बसला तर कुमारिकेचे लग्न जमणे कठीण होते, आणि विवाहितेच्या बाबतीत नवऱ्याला घटस्फोटाचे किंवा दुसऱ्या बायकोचे निमित्त मिळते. म्हणून बाया मुकाट सोसतात. एकाचा आजार सगळ्या घराच्या नावावर लागतो. भाऊ आजारी तर बहिणीची सोयरीक मोडते.

इथे मला माझे सांगितले पाहिजे. आमच्या वसाहतीत एक मुलगा बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असताना बदलला. रात्र रात्र जागायचा, भिंतीला कान लावून बसायचा, कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवतो म्हणायचा. घरात बाबासाहेबांचा आणि तथागतांचा फोटो, बाप जयंती मंडळाचा जुना कार्यकर्ता. तरी त्याची आई पहिल्यांदा त्याला भगताकडे घेऊन गेली. दोन वर्षे उतारे, गंडे, अंगारे यांत गेली. मी आमच्या वधू-वर सूचक मंडळाचे दफ्तर सांभाळतो. त्याच सुमारास त्याच्या बहिणीचा अर्ज भरायचा होता. अर्जात ‘घरात कोणास गंभीर आजार आहे काय’ असा रकाना आहे. आई माझ्याकडे बघत म्हणाली, “भाऊ, काय लिहू?” मी बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला माणूस. मी म्हणालो, “ताई, नाही लिहा.” आणि माझ्याच पेनाने लिहिले. लग्न झाले. सात महिन्यांनी सासरच्यांना कळले. मुलगी माहेरी परत आली ती दीड वर्ष राहिली. आजार लपवला याचा त्यांना राग होता. आजार होता याचा तितका नव्हता, असे तिच्या सासऱ्यांनी मला नंतर समोर बसवून सांगितले.

तेव्हापासून मी हे वाचू लागलो. डिअरबॉर्नमधले लोक मला परके वाटत नाहीत ते त्यामुळे.

त्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. सरकारची भीती. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत अरब दिसणाऱ्या माणसांवर हल्ले झाले, पोलीस घरी येऊन चौकशी करू लागले. २००२ पासून अनेक अरब आणि मुस्लिम देशांतून आलेल्या पुरुषांना सरकारी कचेरीत जाऊन बोटांचे ठसे देऊन नावनोंदणी करावी लागली. ती पद्धत २०११ साली थांबली. २०१७ साली सात देशांच्या लोकांना प्रवेशबंदी झाली, त्यात इराक, सीरिया, येमेन होते. ज्याने आपल्या देशात गुप्त पोलिसांचा छळ सोसला आणि इथेही हे पाहिले, तो माणूस दवाखान्यात समोरची बाई फॉर्मवर लिहू लागली की गप्प होतो. हा कागद कुठे जाणार, हा प्रश्न त्याच्या डोक्यातून जात नाही. याला वहीम म्हणायचे की अनुभव? आजार आणि अनुभव यांत फरक करायला डॉक्टरला त्या माणसाचा इतिहास माहीत पाहिजे.

आणि यांचा हिशेबच कुठे नव्हता. अमेरिकेच्या जनगणनेत अरबांना वर्षानुवर्षे ‘गोरे’ या रकान्यात टाकत. त्यामुळे किती अरब आजारी, किती उपचार घेतात, याची वेगळी आकडेवारी निघत नसे. मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका असा वेगळा गट करण्याचा निर्णय तिथल्या सरकारने मार्च २०२४ मध्ये घेतला. मोजल्याशिवाय हक्क मिळत नाही, हे आपल्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको. जे आकडे आहेत ते धर्मावरून. २०२१ साली डॉ. रानिया अवाद आणि सहकाऱ्यांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. तीत अमेरिकेतल्या मुसलमानांनी कधीतरी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे सांगण्याची शक्यता इतरांच्या दुप्पट आढळली. या मुसलमानांत काळे अमेरिकन आणि भारत-पाकिस्तानचेही लोक येतात, म्हणून हा आकडा सरळ अरबांना चिकटवता येणार नाही. परंतु ज्या धर्मात आत्महत्या महापाप मानतात त्या घरांतही ती शिरते, एवढे त्यावरून दिसते.

गंमत अशी की मनोरुग्णांना माणसासारखे वागवण्याची परंपरा याच अरब जगात मोठी आहे. दहाव्या शतकात होऊन गेलेले अबू झैद अल-बल्खी यांनी शरीराचे आणि मनाचे आरोग्य अशा दोन्हींवर एकाच ग्रंथात लिहिले. शरीर आजारी पडते तसे मनही पडते, त्यात लाजण्यासारखे काही नाही असे त्यांचे म्हणणे. कैरोमध्ये १२८४ साली सुलतान कलावूनने बांधलेल्या इस्पितळात मनोरुग्णांसाठी स्वतंत्र विभाग होता. सीरियातल्या अलेप्पो शहरात १३५४ सालचे इस्पितळ आहे, त्यात मनोरुग्णांच्या खोल्या आणि अंगणात कारंजी आहेत. अशा इस्पितळांना ‘बिमारिस्तान’ म्हणत. बिमार हा शब्द आपल्याला माहीतच आहे. जुन्या वैभवाने आजचे दुखणे बरे होत नाही, पण इमामाने हा इतिहास मशिदीत सांगितला तर डॉक्टरकडे जाणे हे धर्म सोडणे वाटत नाही.

आपल्याकडे असा इतिहास नाही काय? पटाचारा आठवा. नवरा साप चावून गेला, दोन्ही लेकरे गेली, आईबाप नि भाऊ पडलेल्या घराखाली गेले. ती अंगावर वस्त्र नसलेली रस्त्याने फिरू लागली, लोक वेडी म्हणून तिच्यावर माती फेकू लागले. तथागतांनी तिच्या अंगात काय शिरले ते विचारले नाही, उतारा सांगितला नाही. बहिणी, भानावर ये, असे म्हटले. कोणीतरी तिच्या अंगावर वस्त्र टाकले. पुढे तीच थेरी विनयात अग्रेसर ठरली. वर्षावासात ही कथा आपण दरवर्षी ऐकतो आणि विहाराच्या पायऱ्या उतरल्यावर वस्तीतल्या पटाचारेला ‘येडी’ म्हणतो.

असो. डिअरबॉर्नमध्ये १९७१ साली कारखान्याशेजारच्या कामगार वस्तीत एका दुकानाच्या गाळ्यात काही अरब कार्यकर्त्यांनी ‘अ‍ॅक्सेस’ नावाची संस्था सुरू केली. सुरुवातीला इंग्रजी शिकवणे, फॉर्म भरून देणे, नोकरी बघून देणे अशी कामे. आज ती अमेरिकेतल्या अरबांच्या सर्वांत मोठ्या संस्थांपैकी आहे. तिच्या आरोग्य केंद्रात साध्या तपासण्या होतात, लसी मिळतात आणि मनाचे उपचारही मिळतात. छळ सोसून आलेल्या निर्वासितांसाठी वेगळा विभाग आहे. या रचनेतला शहाणपणा माझ्यासारख्या कारकुनाच्याही लक्षात येतो. दारावर ‘वेड्यांचा दवाखाना’ अशी पाटी नाही. बाई आत शिरली तर ती साखर तपासायला गेली की समुपदेशकाकडे गेली, हे बाहेरच्याला कळत नाही. आत बोलणारा माणूस अरबी बोलतो.

दुसरा धडा इमामांचा. अडचणीतला माणूस प्रथम इमामाकडे किंवा पाद्र्याकडे जातो, डॉक्टरकडे नंतर. म्हणून पुष्कळ ठिकाणी डॉक्टरांनी इमामांनाच हाताशी धरले. कोणती लक्षणे दिसली की ताबडतोब इस्पितळात पाठवायचे, हे त्यांना शिकवले. रमजानचे उदाहरण घ्या. रोजा आहे म्हणून रुग्ण दिवसाच्या गोळ्या बंद करतो. लिथियमसारख्या औषधात तर दिवसभर पाणी न पिणे धोक्याचे असते. डॉक्टरने रोजा सोड म्हटले तर तो ऐकणार नाही. आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे हे इमामसाहेबांनी सांगितले तर ऐकतो.

हे सारे गोड नाही. ब्रुसेल्समध्ये २००४ साली मोरोक्कन वंशाची एक तरुण विवाहिता जिन्न उतरवण्याच्या नावाखाली झालेल्या छळात मेली. त्या प्रकरणात २०१२ साली न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले. फुंकर मारलेले पाणी पिणे आणि बाईला मारहाण करून जिन्न काढणे यांत रेषा कुठे ओढायची? मी तर पाण्यालाच विरोध करीन, पण तिथले डॉक्टर म्हणतात, पाणी पिऊ द्या, गोळी मात्र चुकवू नका. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ च्या सुमारास हाच मार्ग धरला गेला. दर्ग्यातच डॉक्टर बसू लागले, आणि त्या उपक्रमाचे नावच ‘दवा आणि दुआ’. महाराष्ट्रातूनही लोक तिथे जातात. माझ्यातला कार्यकर्ता याला तडजोड म्हणतो. भिंतीला कान लावून बसलेला तो मुलगा आठवला की मला वाटते, दोन वर्षांपूर्वी त्या भगताच्या अंगणात एखादा डॉक्टर बसलेला असता तर बरे झाले असते.

आपल्याकडे महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही फोनसेवा आहे. १४४१६ हा नंबर फिरवला की मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. हा नंबर आमच्या विहाराच्या फळ्यावर लिहिला आहे. पहिल्या आठवड्यात कोणीतरी पुसला. पुन्हा लिहिला.

तो मुलगा आता सरकारी इस्पितळातून महिन्याला गोळ्या आणतो. स्टेशनबाहेर झेरॉक्सच्या दुकानात काम करतो, कधी कधी हात थरथरतात म्हणून मालक त्याला बाइंडिंगला बसवत नाही. बहीण सासरी परत गेली आहे. आई मात्र अजून अमावास्येला दारात काहीतरी ठेवते आणि मी दिसलो की पदराने झाकते. वधू-वर मंडळाच्या अर्जातला तो रकाना काढून टाकावा की तसाच ठेवून खरे लिहायला लावावे, यावर आमची तीन वेळा बैठक झाली. महिला मंडळ म्हणते काढा, जुने सभासद म्हणतात ठेवा. पुढची बैठक पौर्णिमेनंतरच्या रविवारी आहे.